परब मॅडमचा गोडबोल्या

आपल्या बाईंवर कोणी लिहायला घेतलं की तुम्ही लगेच सावरून बसता, मला माहितीये. आता गरिबी येणार, मग फाटकी छत्री येणार, मग बाईंनी स्वतःच्या पगारातून माझी फी भरलेली असणार, आणि शेवटच्या पानावर बाई गेलेल्या असणार आणि मी त्यांच्या फोटोसमोर नाक ओढत उभा असणार. यातलं काही होणार नाहीये. परब मॅडम ठणठणीत आहेत, भांडुपला राहतात, तीन मजले माझ्यापेक्षा जोरात चढतात, आणि माझी फी माझ्या बापाने भरली. मॅडमनी माझ्यासाठी आयुष्यात एकदाच काही विकत घेतलं, ती शेंगदाण्यांची पुडी होती, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त त्यांनीच खाल्ले.

दुसरी निराशा आत्ताच उरकून टाकतो. ही गोष्ट सेंद्रिय अर्धवाहक, म्हणजे ऑर्गॅनिक सेमीकंडक्टर, नावाच्या प्रकरणावर चालते. घाबरू नका, मीपण घाबरलो होतो. माझ्या आईने तर फोनवर त्यातला पहिलाच शब्द ऐकला आणि बार्शीत आख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, पोरगा मुंबईत सेंद्रिय खतावर संशोधन करतो. अजून गावी गेलो की शेजारचे काका मला त्यांचा कढीपत्ता दाखवतात.

तर मी बार्शीचा. शाळेत मला दोनच गोष्टी धड यायच्या, रसायनशास्त्र आणि नकला. कुकरची शिट्टी, बोकड, किकवर चालू न होणारी लुना, आमचे हेडसर, आणि हेडसर लुना चालू करताना. एमेस्सी झालो आणि मुलुंडच्या एका कॉलेजात प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली, तिकडे मुलाखतीला गेलो. गेलो तर लॅबमध्ये चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई उभ्या. अंगात सुती साडी, त्यावर पांढरा कोट, पायात रबरी चप्पल. त्यांनी माझं सर्टिफिकेट बघितलंच नाही. नाक किंचित वर केलं आणि म्हणाल्या, "खोबरेल लावलंयस. आणि हा शर्ट काल वाळला नव्हता, तसाच इस्त्री मारलीस."

मी म्हटलं, "मॅडम, घाटकोपरच्या खोलीत सहा जण राहतो, एकच दोरी आहे."

"मग उद्यापासून ये. दमट हवेचा अनुभव आहे तुला."

ही माझी मुलाखत.

मॅडमचं नाक हा कॉलेजात दंतकथेचा विषय होता. कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या राहून त्या सांगायच्या, तिसऱ्या फ्यूम हूडचं, म्हणजे वाफा ओढणाऱ्या कपाटाचं, काचेचं दार अर्धवट उघडं आहे. कोणाच्या डब्यात कालची भाजी आहे, कोण जिन्यात सिगरेट ओढून इलायची चघळत आलाय, सगळं कळायचं. आणि अशा बाईने आयुष्याची कितीतरी वर्षं काय केलं, तर वास ओळखणारं यंत्र. मी एकदा विचारलं, "मॅडम, तुमच्या नाकाला ना बॅटरी लागते ना ग्रँट लागते. मग हे कशाला?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं नाक बस्त्यावच्या मशीनरूममध्ये ठेवून येता येत नाही म्हणून."

बस्त्याव काका कोण, ते इथेच सांगून टाकतो, कारण सगळी भानगड त्यांच्यासाठीच होती. मढला एक बर्फाचा कारखाना आहे, मासळीच्या होड्यांना बर्फ देणारा. तिथली यंत्रं अमोनियावर चालतात. बस्त्याव काका तिथले ऑपरेटर. गावातलेच, कॅथलिक कोळी, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मॅडम दर सीझनला त्यांच्या बायकोकडून सुके बोंबील न्यायच्या, त्यातून ओळख. एकदा गप्पा मारता मारता मॅडमच्या डोळ्यांतून अमोनियाने पाणी यायला लागलं आणि काका शेजारीच उभे राहून आरामात विचारत होते, "काय झालं डॉक्टरबाय, कोणाची आठवण आली काय?" अर्धं आयुष्य त्या गॅसमध्ये काढून माणसाचं नाकच मेलं होतं. अमोनिया गळला तर आख्ख्या मढला कळलं असतं, फक्त वॉल्वला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला नाही.

बाजारात अमोनियाचे सेन्सर मिळतात. मिळतात, पण ते महाग, बाहेरून येणारे, आणि कारखान्याचा शेठ म्हणायचा, "इतकी वर्षं काय झालं नाय ना?" म्हणून मॅडमना स्वस्तातलं, शाईसारखं काचेवर पसरून बनवता येईल असं नाक हवं होतं. सेंद्रिय अर्धवाहकाचं. ते झालं तर बस्त्यावला नाक मिळणार होतं. नाही झालं तर मॅडमच्या भाषेत, "पेपर छापायचा आणि बोंबील खायचे."

आता ते नाक चालतं कसं? मॅडमनी मला हे फळ्यावर शिकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात डब्यातून घावणं आणली. एक घावण उजेडासमोर धरलं.

"काय दिसतं?"

"भूक लागलीय ते दिसतंय, मॅडम."

"जाळी दिसते का?"

"दिसते."

"हा आपला थर. या कडेला एक मुंगी सोडली, ती त्या कडेला गेली पाहिजे. मुंगी म्हणजे करंट. गॅस येणार या भोकांतून, आत शिरणार, मुंगीच्या वाटेत बसणार. मुंगी अडखळली की आपण ओळखायचं, पाहुणा आला. मग जाळी किती हवी?"

"भरपूर. जास्त भोकं, जास्त गॅस."

मॅडमनी दुसरं घावण काढलं, ते नुसतं भोकांचंच होतं. उचलायला गेलं तर दोन तुकडे. "घे. चालव आता मुंगी." मग तिसरं, जाड, गुळगुळीत, भोकाचा पत्ता नाही. "याच्यावर मुंगी धावत जाईल. पण गॅस दाराबाहेर उभा. ह्याच्यामधलं घावण जिला जमलं ती सुगरण." मी तिन्ही खाल्ली. चवीत फरक नव्हता, पण ते बोललो नाही.

आणि घावण जाळीदार होणार की घट्ट, हे ठरतं कशावर? तर रेणूच्या शेपटीवर. रेणूला एक सपाट, ताठ कणा असतो, करंट त्या कण्यावरून शेजारच्या कण्यावर उडी मारत जातो. आणि कण्याला लोंबत्या शेपट्या असतात. नवशिके सगळे कण्याच्या प्रेमात पडतात. मॅडम म्हणायच्या, "स्थळ बघताना घराणं काय बघता, घरात कोण कोण राहतं ते बघा. शेपटी बघ आधी."

आमच्याकडे तीन रेणू होते. कणा तिघांचा एकच, शेपट्या वेगळ्या. कागदावर त्यांची नावं दीड-दीड ओळीची, म्हणून मॅडमनी बारसं केलं होतं. एकाची शेपटी नुसत्या कार्बन-हायड्रोजनची, तेलकट. पाण्याला शिवत नाही, आणि एकमेकांना इतकी चिकटून बसते की अमोनियालाही आत घेत नाही. तो सोवळा. दुसऱ्याच्या शेपटीत मधेमधे ऑक्सिजन. तो अमोनियाला दारातूनच हाताला धरून आत नेतो, झटकन, पण जो येईल त्याच्याशी तसाच वागतो, पाण्याच्या वाफेशी तर जास्तच. तो गोडबोल्या. आणि तिसऱ्याची तेलकट शेपटी मधेच फाटा फुटलेली, त्यामुळे शेजाऱ्याला फार जवळ येऊ देत नाही, गॅसला फट राहते, पाणी मात्र बाहेर. तो फाट्या. फाट्या हुशार होता, पण हळू होता, आणि दर वेळी थर वेगळाच पडायचा. "वयात येतोय," मॅडम म्हणायच्या. "वेळ द्या."

मॅडमचं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे, "हवेला विचारलंस का?" तुम्ही कितीही सुंदर ग्राफ नेऊन दाखवा. करंटची रेघ कशी तीरासारखी खाली आलीय, अमोनिया गेल्यावर कशी वर गेलीय. मॅडम चष्मा खाली घेणार, बघणार, चष्मा वर सरकवणार आणि, "छान. हवेला विचारलंस का?" कारण आपण चाचणी घेतो ती सिलिंडरमधल्या कोरड्या हवेत. कोरड्या हवेत गोडबोल्यासारखा शूर कोणी नाही. खिडकी उघडली की त्याची वाट लागली. मुंबईच्या हवेत इतकं पाणी असतं की थरात गॅसने बसायच्या सगळ्या खुर्च्यांवर पाणीच बसलेलं, रेघ आपोआप डुलत खाली येते आणि गॅस नसताना बझर बोंबलतो.

म्हणून मॅडम लॅबच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि एसी बंद. प्राचार्यांनी मोठ्या कौतुकाने तो एसी बसवून दिला होता, पाहुणे आले की दाखवायला आणायचे. एकदा आले तर आम्ही सगळे घामाघूम.

"अहो परब मॅडम, एसी बिघडला का?"

"नाही सर. सेन्सरला सवय नको. त्याला ऑफिसात नाही बसायचं."

प्राचार्य हसले. त्यांचं हसणं मला करून दाखवता येतं, पण लिहून दाखवता येत नाही. आधी खांदे हसतात, मग बऱ्याच वेळाने तोंडाला निरोप पोचतो.

आता नकलांचं आलंच आहे तर सांगतो. मी मॅडमची नक्कल बसवली होती. चष्मा वर, नाक किंचित तिरपं, "हवेला विचारलंस का?" कॉरिडॉरमध्ये हा प्रयोग रंगात आलेला असताना समोरच्या पोरी एकदम गंभीर झाल्या. मला कळलं. मागे वळायचं धाडस होईना.

मागून आवाज आला, "डावा हात."

"मॅडम?"

"हे बोलताना माझा डावा हात वर जातो. तू उजवा केलास. निरीक्षण कच्चं आहे, बार्शीकर. पुन्हा कर."

पुन्हा करावं लागलं, त्यांच्यासमोर. तीन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "आता बरं आहे, फक्त मी इतकी बारीक नाही," आणि गेल्या.

सेन्सरच्या बझरचीही मी नक्कल करायचो. पिंऽऽ पिंऽऽ, असं टाळूला जीभ लावून. दुपारी सीनियर पोरं स्टुलावर डुलक्या काढत असली की कोपऱ्यातून पिंऽऽ, आणि सगळे धडपडत खिडक्यांकडे. एकट्या मॅडम जागच्या हलायच्या नाहीत. मला वाटायचं, आवाजातला फरक कळतो त्यांना. तसं नव्हतं. पिंऽऽ ऐकलं की त्या आधी स्क्रीनवरची रेघ बघायच्या. रेघ सपाट, म्हणजे बार्शीकर.

तर असं आमचं गोडीगुलाबीत चाललेलं असताना प्राचार्यांनी एक दिवस जाहीर केलं की आपला सेन्सर मढच्या कारखान्यात लागणार, मोठे पाहुणे येणार, मंडप पडणार, तारीख ठरली. मॅडमना हे नोटिशीवरून कळलं.

त्या तडक केबिनमध्ये गेल्या. मी फाईल घेऊन मागे.

"सर, फाट्या अजून तयार नाही."

"कोण?"

"तिसरा रेणू. अजून काही महिने लागतील."

"मग तो दुसरा लावा. तो फास्ट आहे ना? त्याचे ग्राफ किती सुंदर आहेत."

"तो कोरड्या हवेत फास्ट आहे. मढला तीन बाजूंनी खाडी आणि समुद्र आहे, सर."

"मॅडम, तुमचं हे नेहमीचंच. परफेक्ट, परफेक्ट करत बसलात तर रिटायर व्हाल. मग कोण विचारणार?"

हे मात्र लागलं. मॅडमच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, आणि मागे फाट्याला सांभाळणारं कोणी नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लावा. पण चाचणी म्हणून. भरवसा म्हणून नाही."

गोडबोल्या मढला गेला. डब्याएवढी पेटी, वर हिरवा दिवा आणि रेघेचा छोटा स्क्रीन, आत बझर. पहिल्या पहाटेच हवा दमट झाली आणि बझर बोंबलला, बस्त्याव काका आणि त्यांची माणसं बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शेठचा प्राचार्यांना फोन, तुमचं मशीन माझा धंदा बसवणार. प्राचार्यांनी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पाठवून पेटीची मर्यादा सैल करून घेतली, म्हणजे रेघ खूप खाली गेली तरच वाजायचं. बझर गप्प झाला. सगळे खूष. मॅडमना कळलं. "बहिरा केला त्याला," म्हणाल्या. "काढून आणा." प्राचार्य म्हणाले, आणू, कार्यक्रम झाला की आणू.

म्हणून मॅडम स्वतः मढला जाऊन आल्या. मी बरोबर होतो. बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर ओळीने, मधून वारा जाईल असे. मॅडम तिथेच थांबल्या. "बघ, फाट्या असाच बसायला हवा. धरून पण ठेवायचं, फट पण ठेवायची. ह्यांना कोणी पीएचडी दिली नाही." मग बस्त्याव काकांना म्हणाल्या, "काका, ह्या पेटीवर विसंबू नका हां. अजून कच्ची आहे."

काका पेटीवर थोपटत म्हणाले, "डॉक्टरबाय, तुमी केलाय ना? मग झालं. आता तर शानी झाली, उगाच ओरडत पण नाय."

मॅडमनी तीनदा सांगितलं. काकांनी तीनदा मान डोलावली. परत निघताना मी बघितलं तर काका पेटीला हार घालायला खिळा ठोकत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप कारखान्याच्या अंगणात. प्राचार्य, शेठ, पाहुणे स्टेजवर, मॅडमही, कडेच्या खुर्चीत. टेबलावर शाल-नारळ. बेत असा की भाषणं झाली की सगळ्यांनी मशीनरूमच्या दाराशी यायचं, मी अमोनियाची बाटली पेटीच्या नाकाशी धरायची, इतक्या जवळून तर बहिराही ऐकेल, बझर वाजणार, टाळ्या. म्हणून मी आत, पेटीपाशी. बस्त्याव काका त्यांच्या वॉल्वपाशी, नवा शर्ट घालून, मागे त्यांचे दोन मदतनीस. बाटली माझ्या हातात, बूच घट्ट.

बाहेर पाहुणे विज्ञानावर बोलत होते. आणि माझ्या डोळ्यांत एकदम तिखट गेलं. मी बूच बघितलं. घट्टच. वास वॉल्वच्या बाजूने येत होता, काकांच्या अगदी कुशीतून, आणि वाढत होता. पेटीकडे बघितलं. हिरवा दिवा, प्रसन्न.

"काका, गॅस गळतोय! चला बाहेर!"

काका हसले. "मला बनवतो काय? मॅडम बोलली मला, तू नकला करतोस."

"नक्कल नाही, आईशप्पथ! डोळे बघा माझे!"

"अरे, मशीन बोलत नाय, मग तू कशाला बोलतोस? उभा रहा गप. पावणे येतील आता."

मी हात धरून ओढलं. शंभर किलोचा माणूस, माझ्याने हलतोय कसला. आणि माझ्या घशात तोपर्यंत मिरच्या. काय करावं कळेना, आणि मग जे आयुष्यभर करत आलो तेच केलं. पेटीकडे वळून, तोंडावर हाताची ओंजळ धरून, टाळूला जीभ लावली.

पिंऽऽ! पिंऽऽ! पिंऽऽ!

काका बोकडासारखे उडाले. "जीजस! वाजली!" म्हणत मलाच काखेत मारलं आणि दाराबाहेर. आतल्या बाकीच्या दोघांना हाका मारून तेही बाहेर. मी ओंजळ तशीच धरून पिंऽऽ करतोय, थांबायचं सुचेना. फिटर तोंडाला मास्क बांधून आत गेला, मेन वॉल्व बंद केला, बाहेर येऊन म्हणाला, "गळत होता. बराच."

पुढचं मला स्वप्नासारखं आठवतं. मंडपात टाळ्या. उभं राहून टाळ्या. प्राचार्यांनी माईक ओढला, "मित्रहो! प्रात्यक्षिक आपण ठेवलं होतं, पण नियतीने खरीखुरी परीक्षा घेतली!" पाहुण्यांनी सांगितलं, किनाऱ्यावरच्या प्रत्येक बर्फाच्या कारखान्यात हे यंत्र बसवू. शेठने बस्त्याव काकांना मिठी मारली, काका रडत होते, आणि मॅडमच्या दिशेने हात जोडत होते. मीपण टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, आपण नाही वाजवल्या तर वाईट दिसतं.

मॅडम खुर्चीत नव्हत्या.

त्या नाकाला पदर लावून मशीनरूमच्या दारात गेल्या होत्या. पेटी बाहेर मागवून घेतली, रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग सरळ स्टेजवर गेल्या, आणि प्राचार्यांच्या हातातून माईक घेतला.

"वाजलं ते यंत्र नव्हतं," त्या म्हणाल्या. "हा मुलगा वाजला."

लोक हसले. विनोद वाटला त्यांना. मॅडम थांबल्या, हसू संपू दिलं, आणि म्हणाल्या, "यंत्राला आज काही कळलं नाही. इथल्या हवेत ह्या रेणूला कळणार नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. हे यंत्र मी आत्ता काढून नेतेय. शेठ, माझं तयार होईपर्यंत बाजारातलं महागातलं आणा, उद्याच आणा. बस्त्यावच्या नाकावर चालवू नका कारखाना."

 प्राचार्यांच्या खांद्यांना हसायचा निरोप आलाच नाही. शेठ म्हणाला, "म्हणजे मशीन खोटा?"

"खोटं नाही. कच्चं."

बस्त्याव काका माझ्यापाशी आले. डोळे अजून ओले. "तू बोललास तवा मी नाय ऐकलं," ते हळूच म्हणाले, त्यांच्या मानाने हळू, "आणि पिं पिं केलंस तर पळालो?" मी मान डोलावली. त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच आहे. पाहुणे गेले. प्राचार्य कॉलेजची गाडी घेऊन गेले, शाल-नारळासकट. शेठने कुरकुरत का होईना, बाजारातलं यंत्र आणलं. प्रकल्पाची मुदत वाढली नाही. मॅडम काही महिन्यांनी निवृत्त झाल्या, निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं. फाट्या सध्या एका मुलीकडे आहे, तीही खिडक्या उघड्या ठेवते असं ऐकतो. मी आता अंधेरीत रंगाच्या कंपनीत आहे, तिथे एसी आहे. मॅडमची भेट आता क्वचितच होते. त्यामुळे आठवण निघाली की मला मढच्या जेट्टीवरच्याच मॅडम दिसतात.

गाडी गेल्यामुळे आम्ही वर्सोव्याची बोट धरायला जेट्टीवर आलो. पेटी मॅडमच्या काखेत. बोट पलीकडच्या काठाला. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दोन सायकली, आणि आम्ही. मॅडम बोटीकडे बघत उभ्या. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, मी वाजलो नसतो तर काका आत राहिले असते."

"माहितीये मला. त्यासाठी कोण बोलतंय?"

"मग?"

"आत वाजलास ते बरं केलंस. माझ्या यंत्राला जमलं नाही ते केलंस. पण बाहेर टाळ्या पडत होत्या तेव्हा तोंड कुठे होतं तुझं? पिंऽऽ करायला तोंड होतं, 'मी केलं' म्हणायला मिटलं? तूपण टाळ्या वाजवत होतास, मी बघितलं! तो बस्त्याव हात जोडत होता, मला! उद्या तो त्या पेटीशेजारी निवांत उभा राहिला असता, आणि तू बार्शीला दिवाळीला गेला असतास. मग कोण वाजणार होतं तिथे? तुझा बाप?"

टोपल्यावाल्या बायका आता उघडच ऐकत होत्या. एकीने दुसरीला विचारलं, "काय केलं गो त्याने?" मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं, मॅडम." आणि मला खोकला आला. ढास लागली. थांबेना.

मॅडमचा चेहरा बदलला. पेटी खाली ठेवली.

"काय रे, दोन पिंऽऽच्या मधे काय करत होतास आत?"

"म्हणजे?"

"श्वास घेत होतास? तोंडाने? अमोनियात?" आवाज चढत चढत थेट त्यांच्या गावी, कणकवलीला पोचला. "मेल्या, तुका अक्कल आसा काय? एमेस्सी झालंस ना तू? एवढो मोठो गॅस सुटलेलो आणि हा तोंड उघडून उभा! घसा भाजला म्हणजे? तुझ्या आईला काय सांगू मी? बस खाली. बस म्हणते ना!"

मी टोपल्यांमध्ये बसलो. मॅडमनी मोबाईलची बॅटरी लावली, माझी हनुवटी पकडली. बोट धक्क्याला लागली, नावाडी हाका मारायला लागला. मी उठायला गेलो.

"जाऊ दे ती बोट, दुसरी येईल. लाल झालंय बघ आत, मूर्खा. आणि तोंड काय मिटतोस? उघडं ठेव म्हटलं ना!"